स्वोर्ड्समन २ (१९९२): त्या रात्री तू होतीस का?

कडुलिंब (धागाकर्ता)

परवा मुलीसोबत हा सिनेमा पुन्हा पाहिला. ती सोळा वर्षांची आहे. सुरुवातीला तिने मला भंडावून सोडलं. हा कोण, तो कोणाच्या बाजूचा, माणसं झाडांवरून का उडतायत, तलवारीच्या एका वारात अख्खा घोडा उभा कसा चिरला. शेवटच्या दहा मिनिटांत मात्र तिच्या तोंडून अक्षर निघालं नाही. सिनेमा संपला तेव्हा म्हणाली, "बाबा, पण तिने त्याला सांगायला हवं होतं." तिचं हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून धागा काढतोय. खाली शेवटासकट सगळं लिहिलंय. ज्यांना आधी बघायचाय त्यांनी इथेच थांबा.

हाँगकाँगचा सिनेमा. दिग्दर्शक चिंग सिउ-तुंग, निर्माता त्सुई हार्क. मूळ कथा जिन योंग यांच्या कादंबरीची, जी १९६७ ते १९६९ या काळात त्यांच्याच 'मिंग पाओ' वर्तमानपत्रात क्रमशः येत होती. तलवारबहाद्दरांच्या अशा अद्भुत कथांना चिनी भाषेत वुशिया म्हणतात आणि त्या कथा ज्या जगात घडतात त्याला ज्यांगहू. शब्दशः अर्थ नद्या आणि सरोवरं. राजाचा कायदा तिथे चालत नाही. पंथ, गुरू, शपथा, उपकार आणि सूड यांवर सगळं चालतं.

पहिला भाग १९९० चा, त्यात नायक सॅम हुई. दिग्दर्शन किंग हू यांच्याकडे होतं, त्यांनी मध्येच सोडलं आणि मग इतरांनी मिळून तो पुरा केला. दुसऱ्या भागात जवळपास सगळे मुख्य नट बदलले. नायक लिंगहू चोंग झाला जेट ली, त्याचा जीव जिच्यावर आहे ती यिंगयिंग झाली रोझामंड क्वान, धाकटी गुरुभगिनी मिशेल रीस. पुढचा भाग काढायचा तर लोकांना ओळखीचे चेहरे पुन्हा दाखवायचे, हा साधा हिशेब यांनी मोडला. नावात तर त्याहून मोठी गोष्ट आहे. चिनी नावात मालिकेच्या नावापुढे चक्क खलनायकाचं नाव आहे: दोंगफांग बुबाई. दोंगफांग म्हणजे पूर्व दिशा, बुबाई म्हणजे अपराजित.

हा दोंगफांग सूर्य-चंद्र पंथाचा प्रमुख. आधीचा प्रमुख रेन वोशिंग याला कैदेत टाकून त्याने गादी बळकावली आहे. त्याच्या हाती एक पोथी लागली. तिच्यातली विद्या ज्याला आली त्याला जगात कोणी हरवू शकत नाही, पण ती शिकायची तर आधी स्वतःचं पुरुषत्व स्वतःच्या हाताने कापून टाकायचं. त्याने ते केलं. विद्या अंगात मुरत जाते तसं शरीर बाईचं होत जातं, मग मनही. ही भूमिका तैवानच्या ब्रिजिट लिनने केली आहे, वयाच्या ३७ व्या वर्षी.

लिंगहूला या सगळ्याचा वीट आलाय. गुरुबंधूंना घेऊन कुठल्यातरी डोंगरात जाऊन राहायचं, दारू प्यायची, तलवार टाकून द्यायची, एवढंच त्याला हवंय. वाटेत सरोवराकाठी त्याला एक बाई भेटते. तो तिला आपल्या बुधल्यातली दारू देतो. बडबड तोच करतो. ती एक शब्द बोलत नाही, कारण तिचा आवाज अजून पुरुषाचा आहे.

आता माझं म्हणणं. हा सिनेमा इतका अचाट नसता, तर ही गोष्ट सांगताच आली नसती. यात निन्जा भल्यामोठ्या फिरत्या चक्रांवर उभे राहून उडत येतात. रेन वोशिंग समोरच्या माणसाचा हात धरतो आणि त्याच्या अंगातली सगळी शक्ती ओढून घेतो, चिपाड उरतं नुसतं. आणि दोंगफांगचं शस्त्र काय, तर भरतकामाची सुई आणि दोरा. सुईच्या टोकावर सैन्य अडवणारं हे माणूस एका साध्या, दारूच्या वासाच्या, हसऱ्या पोरासमोर तोंड उघडू शकत नाही. तिची ताकद जितकी आभाळाएवढी दाखवली आहे, तितकी ती गप्प बसलेली बघताना पोटात कालवतं. रोजच्या जगातल्या एखाद्या बाईने आवाज लपवला असता तर वाईट वाटलं असतं, पण पर्वत फोडणारीने लपवला म्हणून ते इतकं लागतं.

लिंगहूसोबत ती एक रात्र घालवणार असते. दिवे मालवतात आणि त्या अंधारात दोंगफांग स्वतः जात नाही, आपली उपपत्नी शिशी हिला पाठवते. लिंगहूला पत्ता नाही. पुढे त्याच्या गुरुबंधूंची कत्तल होते. शेवटी सगळे काळ्या कड्यावर तिच्याशी लढतात. ती जखमी होऊन कड्यावरून पडते, आणि ज्याने तिला पाडलं तोच तिला धरायला उडी घेतो. पडता पडता विचारतो, त्या रात्री माझ्यासोबत होतीस ती तूच का? ती सांगत नाही. सांगणार नाही, म्हणजे तू मला जन्मभर विसरणार नाहीस, असं काहीसं म्हणते, तळहाताच्या फटक्याने त्याला वर ढकलते आणि स्वतः खाली जाते.

तिने सांगायला हवं होतं का? मी वीस वर्षांपूर्वी पाहिला तेव्हा वाटलं होतं, नको. आता मुलीमुळे डळमळलोय.

भरतीओहोटी

केबलवर रात्री उशिरा अर्धा पाहिला होता, नाव कधी कळलंच नाही! ती चक्रांवरची माणसं आणि तो चिपाड करणारा म्हातारा एवढंच लक्षात राहिलं होतं. किती वर्षं शोधत होतो. मनापासून आभार.

पानगळ

सिनेमा देखणा आहे, नाकारत नाही. पण कादंबरी भाषांतरात वाचलेली असल्याने मला तो मनापासून आवडू शकत नाही, आणि कारण सांगतो.

कादंबरीत दोंगफांग बुबाई प्रत्यक्ष येतो तो फारच थोडा वेळ. शेकडो पानं त्याचं नाव नुसतं ऐकू येतं, दहशत वाढत जाते, आणि अखेर दिसतो तेव्हा एका बंद खोलीत भरतकाम करत बसलेला असतो. पंथाचा कारभार त्याने आपल्या लाडक्या माणसाच्या हवाली केलेला आहे. चौघे मिळून त्याला कसाबसा मारतात. तो प्रसंग अंगावर येतो तो यासाठी की सत्तेसाठी ज्याने सगळं दिलं त्याला आता सत्ताच नकोय.

आणि हे लिहिलं जात होतं ते माओच्या चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीच्या ऐन धामधुमीत. जिन योंग यांनी नंतर उपसंहारात स्वतःच लिहिलंय की रेन वोशिंग, दोंगफांग हे त्यांच्या डोळ्यांसमोर योद्धे म्हणून नव्हते, राजकारणी म्हणून होते. पंथातले लोक प्रमुखासमोर गुडघे टेकून त्याच्या चिरंतन राज्याच्या घोषणा देतात, ती पानं वाचताना तेव्हाच्या वाचकाला सीमेपलीकडचे लाल पुस्तक उंचावलेले जमाव दिसत असणार. सिनेमाने त्या धारदार गोष्टीतून प्रेमकथा काढली. मोठं झालं ते पात्र, लहान झाला तो विचार.

कडुलिंब

पानगळ, तुम्ही लिहिलंत ते पटण्यासारखं आहे, पण विचार लहान झाला हे मला मान्य नाही. तो दुसऱ्या पात्राकडे गेला.

दोंगफांग पडल्यावर सिनेमा संपत नाही, आठवा. रेन वोशिंग गादीवर बसतो. ज्याला आपण तासभर 'अन्याय झालेला म्हातारा' म्हणून साथ दिली, तो बसल्या बसल्या माणसं मारायला काढतो. घोषणा त्याच, फक्त नाव बदललेलं. लिंगहू त्याला सांगतो की मला यातून निवृत्त व्हायचंय, तेव्हा त्याचं उत्तर साधारण असं आहे: माणूस आहे तिथे हेवेदावे आहेत, हेवेदावे आहेत तिथे ज्यांगहू आहे, माणूस म्हणजेच ज्यांगहू, तू बाहेर पडणार कुठून? त्या काळच्या हाँगकाँगमध्ये बसून हे ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल याचा विचार करा. ब्रिटनने हाँगकाँग चीनला परत द्यायचं, असा १९८४ मध्ये करार झालेला. १९८९ च्या जूनमधलं बीजिंगच्या तिआनानमेन चौकातलं हत्याकांड होऊन तीन वर्षं झालेली. १ जुलै १९९७ ही हस्तांतराची तारीख भिंतीवर लिहिलेली. हजारो कुटुंबं कॅनडा, ऑस्ट्रेलियाला निघालेली, प्रत्येक घरात जायचं की राहायचं ही चर्चा. त्यात पडद्यावरचा नायक म्हणतोय, मला फक्त निघून जायचंय. आणि शेवटी तो खरंच बोटीत बसून निघून जातो, ज्या मुलीवर जीव आहे तिला काठावर सोडून. कादंबरीतला राग १९६७ चा होता. सिनेमातलं दुःख १९९२ चं आहे. मला दोन्ही हवेत.

रंगपट

मी नाटकाच्या नेपथ्याकडे काम करतो, त्यामुळे माझं लक्ष तारांकडे असतं. दोन शब्द त्याबद्दल.

त्या काळी हाँगकाँगच्या सिनेमात संगणकावर तारा पुसण्याची चैन नव्हती. कपड्याच्या आत पट्टा, पट्ट्याला बारीक पोलादी तार, तार वरच्या कप्पीवरून जाऊन पलीकडे माणसांच्या हातात. ती माणसं दोर ओढत धावतात, उंचावरून उड्या घेतात, तेव्हा नट वर जातो. यात ताकदीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं. नटाने आधी स्वतःच्या पायाने उडी मारायची आणि तिच्या टोकाला तारेने त्याला उचलून घ्यायचं. अर्ध्या क्षणाने चुकलं की माणूस पोत्यासारखा लटकतो आणि सगळी जादू जाते. उतरणं त्याहून कठीण, कारण जमिनीला पाय लागताना वजन दिसलं पाहिजे.

तारा लपवायच्या कशा? धूर, पंख्याचा वारा, मागून प्रकाश, झाडांच्या फांद्या, आणि भराभर बदलणारे शॉट. चिंग सिउ-तुंगकडे पाहिलंत तर त्याचे कपडेसुद्धा या कामाला लावलेले असतात. दोंगफांगचं ते लांब लाल वस्त्र वाऱ्यावर पसरतं तेव्हा डोळा कापडाच्या मागे जातो, तारेकडे जात नाही. शिवाय कॅमेरा किंचित कमी वेगाने चालवून हालचाल जलद दाखवायची, ही जुनी युक्ती आहेच. चिंग लहानपणी पेकिंग ऑपेराच्या पद्धतीत शिकलेला. त्याचे वडील चेंग कांगही दिग्दर्शक होते. तिथल्या रंगभूमीवर बाहीच्या एका झटक्यात राग, लाज, निरोप सगळं सांगतात. मला तर लढाईच्या प्रसंगांत ती बाहीच दिसते.

जेट ली हा वुशूचा, म्हणजे चिनी युद्धकलेचा, चीनमधला राष्ट्रीय विजेता, तरी या सिनेमात त्याला हात-पाय दाखवायला फार वाव नाही, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. खरी आहे. पण जमिनीवर उभा असताना त्याची तलवार बघा, मनगट किती मोकळं आहे.

आंबेमोहोर

अवांतर: हाच चिंग सिउ-तुंग २००६ च्या 'क्रिश'चा ॲक्शन दिग्दर्शक होता. हृतिकला तारांवर उडवणारा हाच माणूस. त्याआधी २००२ मध्ये झांग यिमोच्या 'हीरो'ची लढाईही त्याचीच. क्रिश आम्ही थिएटरात दोनदा पाहिला होता, तेव्हा हे माहीत असतं तर फार बरं वाटलं असतं.

सोनसळी

सगळे दोंगफांग आणि लिंगहूबद्दल बोलतायत. शिशीबद्दल कोणीच का लिहीत नाही?

त्या बाईचं दोंगफांगवर प्रेम आहे. तो पुरुष होता तेव्हापासून ती त्याच्यासोबत आहे. त्याचं शरीर बदललं, तो तिच्यापासून दूर गेला, तरी ती राहिली. आणि एके रात्री तिला सांगण्यात येतं, मला जो माणूस आवडलाय त्याच्याकडे अंधारात माझ्याऐवजी तू जा. हा प्रसंग मला बघवत नाही. तिला विचारलंय कोणी? आणि लिंगहूचीही फसवणूकच आहे ती. 'जन्मभर विसरणार नाहीस' हे वाक्य मला प्रेमाचं वाटत नाही, ती जाता जाता घातलेली बेडी आहे.

दुसरं. ज्यांचं शरीर आणि मन एका चौकटीत बसत नाही अशी माणसं आपल्या आजूबाजूला राहतात. त्यांच्याकडे बघून 'स्वतःला कापून घेतलं म्हणून राक्षस झाला' हीच गोष्ट किती काळ सांगायची? सिनेमाने दोंगफांगला सुंदर केलं, पण ते करायला बाईच घेतली. पुरुष नटाने ती भूमिका केली असती आणि जेट ली त्याच्याकडे तसाच बघत राहिला असता, तर मी धाडस म्हटलं असतं.

नांदी

सोनसळी, शिशीबद्दल अगदी बरोबर. माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

बाई घेण्याबद्दल मात्र थोडं वेगळं सुचतंय. आपल्याकडे बालगंधर्व (१८८८ ते १९६७) आणि तिकडे चीनमध्ये पेकिंग ऑपेरातला मेई लानफांग (१८९४ ते १९६१) हे जवळजवळ एकाच काळातले. दोघेही पुरुष, दोघेही बाई म्हणून रंगमंचावर आले की बायकांनी त्यांच्याकडून नेसणं आणि चालणं शिकावं असे. मेई लानफांगचं काम जर्मन नाटककार ब्रेख्तने १९३५ मध्ये मॉस्कोला पाहिलं आणि त्यावर लिहिलं. म्हणजे पुरुषाने बाई होणं हे चिनी प्रेक्षकाला परकं नव्हतं. आणि हाँगकाँगची परंपरा तर उलटीही आहे. कँटोनीज ऑपेरात यम किम-फाय ही बाई नायकाच्या भूमिका करायची आणि १९५० च्या दशकात तिच्यावर बायका जीव ओवाळून टाकायच्या. ब्रिजिट लिननेही १९७७ मध्येच पडद्यावर पुरुषाचं काम केलं होतं, 'लाल महालाचं स्वप्न' या अभिजात कादंबरीतल्या जिया बाओयूचं. तेव्हा तिथला प्रेक्षक तिच्याकडे बघताना 'ही बाई आहे' एवढंच बघत नव्हता. तिच्या मागे ही सगळी रांग उभी होती.

आवाजाचंही तेच. तेव्हा तिथले सिनेमे चित्रीकरणानंतर डब व्हायचे. त्यामुळे तिच्या ओठांतून पुरुषाचा आवाज येतो तेव्हा क्षणभर कळत नाही की आपण कोणाकडे बघतोय. तो क्षण मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

तुमचा मूळ आक्षेप याने पुसला जात नाही, हे मात्र मान्य. विद्या मिळवण्याची किंमत म्हणून ते दाखवणं, आणि त्यातून क्रूरपणा येतो असं सुचवणं, हे कादंबरीतून आलंय आणि सिनेमाने ते तसंच ठेवलंय.

पायपेटी

पहिल्या भागातलं संगीतकार जेम्स वाँगचं गाणं कोणी ऐकलं आहे का? त्याची पहिली ओळ वाजवून बघा: ध प ग रे सा. सरळ उतरता भूप! पेटीवर बसून सहज वाजवलं आणि अंगावर काटा आला. चिनी संगीतातही पाच स्वरांचं सप्तक आहे आणि हे गाणं ते पाच स्वर वरून खाली फक्त मोजतं. चाल काही केल्या जमत नव्हती, अनेकदा नापास झाली, तेव्हा 'थोर संगीत सोपं असतं' या जुन्या वचनावरून त्याला हे सुचलं अशी गोष्ट सांगतात. आमच्या क्लासमधल्या मुलांना भूप शिकवताना आता मी आरोहाआधी हे ऐकवते.

पानगळ

दोन दिवस गेले, काल रात्री सिनेमा पुन्हा लावला. माझं मूळ मत बदललेलं नाही, कादंबरीचा तो बंद खोलीतला प्रसंग मला अजूनही थोर वाटतो. पण एक गोष्ट आधी निसटली होती ती लिहितो.

कादंबरीत दोंगफांग सुई धरतो तेव्हा ते विचित्र वाटावं म्हणून असतं. लेखक आपल्याला त्याच्यापासून दूर ढकलतो. सिनेमात ती सुई धरते तेव्हा कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो आणि ती खुशीत असते. जगाला जिंकणारी व्यक्ती दोरा ओवताना शांत दिसते, लढताना नाही. माझ्या आजीची आठवण झाली, ती गोधडी शिवताना अशीच दिसायची. एवढं प्रेम लेखकाने त्या पात्राला दिलं नव्हतं. ते दिग्दर्शकाचं आणि नटीचं.

सोनसळींच्या प्रतिसादामुळे शिशीकडेही नीट बघितलं. वाईट वाटलं.

सोनसळी

पानगळ, पुन्हा बघितलात, खूप बरं वाटलं. नांदी, यम किम-फायबद्दल शोधून वाचते.

कडुलिंब

सगळ्यांचे आभार. धागा मुलीला वाचायला दिला. तिने सोनसळींचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि मग मला न विचारता सिनेमा सरोवरापासून पुन्हा लावला. मी शेजारी बसलो. त्या अंधाऱ्या खोलीच्या प्रसंगापाशी तिने थांबवला. लिंगहू खूश आहे, बोलतोय, पण एकदाही समोरच्या बाईला नाव विचारत नाही. मी हा सिनेमा पाच-सहा वेळा तरी पाहिलाय, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

म्हणाली, "तिने सांगायला हवं होतं असं मी म्हटलं ना, ते चुकलं. तो कड्यावरून पडेपर्यंत थांबला. त्याने तेव्हाच विचारायला हवं होतं."

उद्या पहिला भाग लावणार आहोत. पायपेटी, तुमची ती ओळ आल्यावर तिला सांगतो.